मागचा डावा पाय

कुत्रीचा पाय मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा मी हे एक सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

आम्ही त्या वेळी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात नवीन घर घेऊन राहत होतो. मी जवळच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचो. शेजारच्या घरात एक म्हातारी राहायची. ती मूळची पेणच्या खाडीकडची, उभी हयात मिठागरात गेलेली. तिचा मुलगा डोलवीच्या स्टील कारखान्यात कंत्राटावर होता आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. आठ-पंधरा दिवसांनी येऊन जायचा. म्हणजे घरात ती आणि कुत्री अशी दोनच माणसं. ‘माणसं’ हा हिशेब तिचाच. मी तिला मावशी म्हणायचो. ती कुत्रीला बाय म्हणायची.

कुत्री पांढरी आहे असं मावशी सांगायची. आम्ही राहायला गेलो तेव्हा ती बरीचशी गुलाबी होती. खरजेने कानांवरचे, कोपरांवरचे, पोटाखालचे केस गेले होते आणि उघडी पडलेली कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या होत्या. ती दिवसभर खाजवायची. खाजवताना मागचा पाय फरशीवर आपटायचा आणि तो टकटक आवाज आमच्या झोपायच्या खोलीत यायचा. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला तो नको व्हायचा. मी तिच्यावर दोनदा पाणी फेकलं आहे. एकदा ते गरम होतं. उकळतं नव्हतं, पण गरम होतं.

मग मी सेकंडहँड गाडी घेतली. ती आमच्या आणि मावशीच्या घरामधल्या बोळात उभी राहायची. कुत्रीला दुपारची सावली मिळाली.

त्या दिवशी मला दुसरी पाळी होती. भर दुपार, सगळं गाव जेवून आडवं झालेलं. मला उशीर झाला होता. गाडीखाली वाकून बघायची सवय मी लावून घेतली होती, पण त्या दिवशी बघितलं नाही. गाडी मागे घेतली. मागचं चाक कशावरून तरी गेलं आणि मग कुत्रीचा आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

मी उतरलो. कुत्री स्वतःला ओढत रस्त्याच्या कडेला गेली होती आणि तिचा मागचा डावा पाय नको तिथे वळला होता. मावशीचं दार उघडायच्या आत मी काय केलं, तर गाडी पुन्हा बोळात, होती तिथे नेऊन लावली. एवढं सुचलं मला.

“काय झाला गो बाय तुना?” मावशी पदर सावरत आली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कोन होता रं?”

“डंपर,” मी म्हणालो. “भरधाव गेला.”

“जल्ले ते डंपरवाले,” ती म्हणाली आणि खाली बसली.

आमच्या रस्त्याने डंपर जात असत हे खरं आहे. त्यामुळे कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापर्यंत त्या डंपरला रंग मिळाला. पिवळा. पलीकडच्या किराणावाल्याने तो वळताना पाहिला होता आणि ड्रायव्हर फोनवर बोलत होता हेही त्याला दिसलं होतं. मी मान हलवत राहिलो. आठवड्याभरात रस्त्यावरच्या लोकांनी आपणच डबर आणि सिमेंट आणून आमच्या घरासमोर गतिरोधक घातला. घमेली उचलायला मीही होतो. गतिरोधक जरा उंच झाला. तेव्हापासून कंपनीत जाता-येता माझ्या गाडीचं पोट त्याला घासायला लागलं.

पाय मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर बायको फडकं घेऊन गाडीचं मागचं चाक पुसत होती.

“डंपरच्या चाकाला पण असेच केस चिकटले असतील,” ती म्हणाली आणि फडकं धुवायला गेली.

आता पायाचं. रोह्याला जनावरांचा दवाखाना आहे, तिथे न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार की कशाने मोडला, आणि मावशी शेजारी उभी असणार. शिवाय मला खरोखरच वाटत होतं की हे काम मला येतं. तो माझा निव्वळ बहाणा नव्हता, म्हणून ते जास्त वाईट आहे.

मी पेणचा. आमच्या घरचा गणपतीचा कारखाना होता. आता चुलतभाऊ चालवतो. कंपनीत लागायच्या आधी सात-आठ वर्षं मी तिथे डागडुजीला होतो. साच्यातून काढताना, टेम्पोत चढवताना मूर्तीचे हात-पाय मोडतात. कारागीर ते टाकून देत नाहीत. मोडलेला पाय जागेवर बसवायचा, काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून त्याच्याभोवती गुंडाळायचा, वर प्लास्टरचा हात फिरवायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासायचा. रंग चढल्यावर कुठे मोडलं होतं ते कळता कामा नये. माझं काम कळत नसे. भर हंगामात शेजारचे कारखानेही मला उसना न्यायचे.

तीन दिवस कुत्रीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधून ठेवल्या आणि सुट्टीच्या दिवशी मी पेणला गेलो. चुलतभाऊ साच्याला तेल लावत होता.

“थोडं प्लास्टर दे. एक पाय करायचाय.”

“कुनाचा? उंदराचा?”

“कुत्रीचा.”

“दत्ताची ऑर्डर घेतलीस काय?”

“खऱ्या कुत्रीचा. मोडलाय.”

तो हसला नाही. त्याने हात पुसले आणि तो विचारात पडला. “मग काथ्या पन ने,” तो म्हणाला. “नुसत्या प्लास्टरचा काय भरवसा नाय. ती हालनार.” कामावरचे आणखी दोघे जवळ आले. चौघांनी उभं राहून पायाची जाडी किती ठेवावी यावर चर्चा केली. एकाचं म्हणणं, दोन थर पुरे. दुसरा म्हणाला, घोट्याजवळ तीन हवेत, मूर्ती तिथेच तडकते. हे काम आपलं नाही, असं चौघांत एकालाही वाटलं नाही.

संध्याकाळी मावशीच्या ओटीवर मी कामाला बसलो. मावशीने कुत्रीचं डोकं मांडीत दाबून धरलं. मी आधी पाय सरळ केला. त्या वेळी कुत्री मला चावली. चावणं बरोबरच होतं, पण तिथे ते मला एकट्यालाच माहीत होतं. मग पाण्यात प्लास्टर सोडलं, हाताला साईसारखं लागेपर्यंत थांबलो, काथ्या बुडवला आणि थर दिले. खाली कापूस घातला नाही. मूर्तीला घालत नाहीत. प्लास्टर आळताना चांगलंच गरम होतं. मूर्तीला त्याचं काही वाटत नाही. कुत्री ओरडत होती, तर मी तिला म्हणत होतो, झालं, झालं.

वाळल्यावर मी पाय घासला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप पॉलिश पेपरकडे गेला. तासभर घासला. खालचा पंजा, बोटांचे उंचवटे, मागची नस, सगळं काढलं. इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता याचं मला समाधान वाटलं, आणि हे समाधान त्या दिवशी पूर्ण होतं हेही कबूल करायला हवं.

“मूर्तीवानी झाला रं,” मावशी म्हणाली. “तुझ्या हाताला देव हाय.”

त्या दिवसापासून ती मला रोज संध्याकाळी गुळाचा कोरा चहा द्यायची. दुपारपाळी असली तर ड्यूटीवर जायच्या आधी द्यायची. कधी चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी असायची. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायची, “बग गो, सख्खा लेक करनार नाय, तेवढा हा करतंय.” ती बाई माझ्याकडे बघायची. मी चहाकडे बघायचो.

खरजेवरही माझे उपचार चालू झाले. करंजेलात गंधक कालवून कुत्रीच्या उरलेल्या अंगाला रोज चोळायचो. त्याचा वास माझ्या कपड्यांना लागला. कंपनीत आमच्या प्लांटवर सगळेच वास असल्याने कुणी तक्रार केली नाही. पंधरवडा व्हायच्या आत माझ्या दोन्ही हातांना बारीक पुरळ येऊन खाज सुटली. बायकोने माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. मला ते योग्यच वाटलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी कुत्रीने खाणं सोडलं. ती प्लास्टरची वरची कड चावत बसायची. पायाजवळ नाक नेलं तर वास येत होता आणि तो गंधकाचा नव्हता.

“उचल,” मावशी म्हणाली. “दवाखान्यात चल.”

या वेळी मला नाही म्हणता आलं नाही. गाडीच्या मागच्या सीटवर गोणपाट घातलं, मावशी कुत्रीला घेऊन बसली. ज्या गाडीने पाय मोडला त्याच गाडीने मी तिला दवाखान्यात नेत होतो. मावशी म्हणाली, गाडीवाला शेजारी असला की बरं असतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय हातात घेऊन उलटसुलट बघितला.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“कुठे शिकलात?”

“पेणला.”

“म्हणजे गणपतीचं प्लास्टर?”

“हो.”

त्यांनी पंजावरून बोट फिरवलं. “फिनिशिंग चांगलं आहे,” ते म्हणाले आणि कापायला घेतलं.

आतला पाय मी बघितला. बघायलाच हवा होता म्हणून बघितला. ठिकठिकाणी कातडी भाजून फोड फुटले होते आणि घोट्याजवळ जखम चिघळली होती. खरूज तर तिथे बाकीच्या अंगापेक्षा जास्त होती. डॉक्टरांनी पात्याने कातडी थोडी खरवडली, काचपट्टीवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. आठ पायांचे गोल किडे होते. एक हलत होता. “हे कातडीत बीळ करून राहतात,” ते म्हणाले. “त्यांना अशी बंद, ओलसर जागा फार मानवते.” माझ्या हातांवरची पुरळ बघून ते म्हणाले की तीही यांचीच कृपा असणार, माणसांच्या डॉक्टरला दाखवा.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. मोड जुळतो आहे, वाकडा जुळतो आहे, पण प्रश्न हाडाचा नाही, जखमेचा आहे. दोन आठवडे बघू. तेवढ्यात भरली नाही तर पाय वरून काढावा लागेल.

मावशी कुत्रीच्या कानावरचा एक पापुद्रा काढत राहिली.

“कशाने मोडला?” डॉक्टरांनी शेवटी, कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

“डंपर,” मावशी म्हणाली.

“डंपर गेला असता तर पाय उरला नसता आजी. लहान गाडी असणार. अगदी हळू गेलेली.” त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

परत येताना आरशात मला मावशीचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती खिडकीबाहेर बघत होती. घराजवळ आलो, पुढचं चाक गतिरोधकावर चढलं आणि गाडीचं पोट नेहमीसारखं घासलं. मी तिथेच ब्रेक दाबला.

“मावशी, डंपर नव्हता. मी होतो. मागे घेताना बघितलं नाही.”

तिने मांडीवरची कुत्री सावरून घेतली. मग म्हणाली, “गाडी पुढं घे. मागं रिक्षावाला वाजवतंय.”

त्या दिवशी कुत्रीला तिने एकटीने उतरवून घरात नेलं. मी हात पुढे केला तर तिने कोपर मध्ये घातलं. दार लागलं. संध्याकाळी चहा आला नाही. मी बायकोला सांगितलं की मावशीला सांगून टाकलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता ते चाक बघायला मला लाज वाटणार नाही.” अंथरूण मात्र बाहेरच राहिलं, कारण खाज होतीच.

पण डॉक्टरांनी सांगितलेलं काम एका माणसाचं नव्हतं. जखम रोज दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, मलम लावायचं, कापसाचा जाड थर देऊन पट्टी बांधायची, बाजूने फळीचा आधार द्यायचा. आठवड्यातून एकदा बाटलीतलं औषध पाण्यात कालवून, जखम सोडून सगळ्या अंगाला कातडीपर्यंत भिजवायचं, पुसायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. तिची गोणपाटं उकळायची. कुत्रीला एकाने धरल्याशिवाय यातलं काहीच होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारात आली. तिच्या कडेवर कुत्री होती.

“धर,” ती म्हणाली.

मी धरलं. बायकोने मिठाची पुडी आणून दिली. मावशीने पुडी उघडून बोटाने चाचपली आणि परत दिली. “ही दुकानाची पावडर. तुमच्या आमटीला घाला.” घरातून तिने डब्यातलं जाडं मीठ आणलं, उकळलेल्या पाण्यात दोन चिमटी सोडलं, जिभेला लावून बघितलं, आणखी अर्धी चिमूट सोडलं. मिठाच्या बाबतीत तिने मला हात लावू दिला नाही.

मग रोज हेच. मी पाळीप्रमाणे वेळ काढून दोनदा जायचो. ती धुवायची, मी धरायचो. कुत्री आता मला चावत नव्हती, नुसती बघायची. चाटू नये म्हणून मी जुन्या बादलीचा तळ कापून तिच्या गळ्यात अडकवायला कठडा केला. कडा घासायला पॉलिश पेपर घेतला, तर मावशी म्हणाली, “पुरे झाली तुझी कारागिरी.” त्या दोन आठवड्यांत कामाबाहेरचं तिचं माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य.

बारा-तेरा दिवसांनी जखमेच्या कडा आत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि ते म्हणाले, “राहील पाय.” मावशीने कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती तिथेच बाकावर बसून राहिली. मी बाहेर जाऊन गाडी चालू केली. थोडा वेळ बंद करून पुन्हा चालू केली.

पुढे दोन महिने आठवड्याची आंघोळ चालली. कातडी मऊ झाली, मग तिच्यावर लव आली, आणि मावशी म्हणत होती ते खरं निघालं. कुत्री पांढरी होती. डावा पाय वाकडा जुळला आणि जरा आखूड राहिला. ती तो टेकते, पण पळताना वर धरते. आवाजही बदलला. आता टकटक नाही. चालताना तीन पावलं ऐकू येतात आणि चौथं येत नाही. दिवसा झोपलो की मी ते न येणारं पाऊल ऐकत पडतो.

चहा आला नाही. मी त्याची वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण बघत होतो.

पावसाळ्याआधी गतिरोधकाचे दोन्ही कोपरे फुटले. दुरुस्तीला रस्त्यावरची पाच-सहा माणसं जमली. किराणावाला म्हणाला, या वेळी आणखी चार बोटं वर घेऊ, तो पिवळा डंपर परत दिसला होता. मावशी ओटीवर कुत्रीच्या अंगातली कुसळं काढत बसली होती.

“डंपर नव्हता,” ती तिथूनच म्हणाली. “हा होता.” आणि हनुवटीने मला दाखवलं.

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात घमेलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “मीच होतो.”

किराणावाला, ज्याने ड्रायव्हरला फोनवर बोलताना पाहिलं होतं, तो सिमेंटच्या गोणीची शिवण सोडायला लागला. शेवटी एकजण म्हणाला, “मंग आता हा गतिरोधक काढायचा की काय?”

“राहू द्या,” मावशी म्हणाली. “हा अजून हितंच राहतंय.”

चार बोटं वर घेतला. मीच थापी फिरवली. कडा नीट उतरत्या केल्या आणि मागे सरून बघितलं, काम स्वच्छ झालं होतं. हात धुवायला वाकलो तर ओटीच्या कठड्यावर चहाचा कप ठेवलेला होता. मावशी आत गेली होती. कुत्री कपाजवळ बसून माझ्याकडे बघत होती. मी चहा घेतला. गूळ घालायचा राहिला होता, की घातला नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नाही.